आत उतरण्याआधी

नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि थोड्याच वेळात खंबाटकीचा घाट. कित्येक वर्षे जाताना घाट चढायचा आणि परतताना डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून यायचे, अशी इथली रीत होती. आता त्याच डोंगरात सहा पदरी वाहतुकीसाठी जुळे बोगदे खोदले गेले आहेत. गाडीच्या काचेतून बोगद्याचे कमानदार तोंड दिसते, पण आतला खडक आधी कुणी तपासला, सुरुंग उडाल्यावर आत पहिले पाऊल कुणी टाकले, हे प्रवाशाच्या मनात येत नाही. मी या वेळी निघालो होतो ते नेमके हेच पाहायला.

सातारा आणि सांगली हे काही खाणींचे जिल्हे नव्हेत. महाराष्ट्रातल्या भूमिगत खाणी विदर्भात आहेत. सावनेर, बल्लारपूरकडे कोळशाच्या, नागपूर-भंडाऱ्याकडे मँगनीजच्या. खाणसुरक्षा महासंचालनालयाचे मुख्यालय त्याहून दूर, धनबादला. तरीही जमिनीखाली जाणाऱ्या माणसाचा जीव ज्या गोष्टींनी जातो, त्यांतल्या तीन मोठ्या गोष्टी म्हणजे फुटणारा खडक, घुसणारे पाणी आणि बिघडलेली हवा. या तिन्हींचा अभ्यास आणि अनुभव कृष्णेच्या या खोऱ्यात जितका साठलेला आहे, तितका एकाच टापूत क्वचित सापडेल. त्यातला काही प्रयोगशाळेत आहे, काही धरणाच्या कागदपत्रांत आणि बराचसा विहिरीवर दगड उचलणाऱ्या यारीवर काम करणाऱ्या माणसांच्या तोंडी.

साताऱ्याच्या अलीकडे हमरस्ता सोडून लिंब गावाकडे वळलो. इथली बारा मोटांची विहीर वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. लोक इथे येतात ते दगडी महाल आणि कोरीव शिल्पे पाहायला, आणि ती पाहण्यासारखी आहेतच. माझे लक्ष मात्र जिन्यावर होते. इतक्या खोलवर माणूस पायऱ्यांनी, उजेडात, मोकळ्या हवेत उतरतो. वरचे तोंड एवढे रुंद की आतली हवा कोंडत नाही. तीनशे वर्षांपूर्वीच्या बांधणाऱ्यांनी शोभेइतकाच उतरणाऱ्याचाही विचार केला होता, हे तिथे उभे राहिल्यावर कळते. आज आपल्या रानात ज्या विहिरी पडतात, त्यांना जिना नसतो. लोखंडी पाळणा असतो, तार असते आणि वर यारी.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर चढलो. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः या किल्ल्याच्या पायथ्याशी येऊन बसला. तोफांनी काम होईना, म्हणून मोगलांनी तटाखाली सुरुंग खणायला घेतले. महिनोन्‌महिने खडक पोखरला आणि एप्रिल १७०० मध्ये दारू ठासून बत्ती दिली. पहिल्या स्फोटात किल्ल्यावरचे लोक ढिगाऱ्याखाली गाडले गेले. त्यांत किल्लेदार प्रयागजी प्रभूही होते, पण ते जिवंत बाहेर काढले गेले. दुसऱ्या स्फोटाने तट आत पडायच्या ऐवजी बाहेर फेकला गेला आणि चढाईसाठी खाली जमलेल्या मोगलांच्याच फौजेवर कोसळला. त्यांची माणसे मोठ्या संख्येने मेली. पुढे त्याच महिन्यात किल्ला पडला, पण तो सुरुंगाने पडला नाही.

शाळेत हा प्रसंग शौर्याचा म्हणून शिकवतात. खाणीत काम करणाऱ्याला त्यात स्फोटशास्त्राचा पहिला धडा दिसेल. दारूचा जोर ज्या बाजूला अडथळा कमी त्या बाजूला जातो. आज बोगद्यात सुरुंग लावताना कोणते भोक आधी उडवायचे, कोणते काही मिलिसेकंदांनी नंतर, हे ठरवतात ते याचसाठी. मधली भोके आधी उडून पोकळी करतात, बाजूची भोके त्या पोकळीकडे खडक ढकलतात आणि कडेच्या भोकांत दारू कमी भरतात, म्हणजे जो खडक छत म्हणून उभा राहायचा आहे त्याला तडे जात नाहीत. सतराव्या शतकाच्या सुरुंगवाल्याकडे बत्तीची वात होती, मिलिसेकंद नव्हते.

साताऱ्याहून कराडकडे जाताना एका शिवारात विहीर खोल करण्याचे काम चालले होते. बांधाला ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर, काठावर यारी, तारेला लटकणारा पाळणा आणि दगडाचा ढीग. नुकताच सुरुंग वाजला होता. धुराचा पिवळसर पट्टा विहिरीच्या तोंडाशी रेंगाळत होता आणि माणसे झाडाखाली चहा पीत बसली होती.

"लगेच उतरत नाही का?" मी विचारले.

"न्हाय दादा," त्यांतला वयाने मोठा माणूस म्हणाला. "सुरुंग वाजला की च्या घ्यायचा. धूर गेला तरी अजून थांबायचं. दिसतोय तो धूर जातो, न दिसणारा खालीच बसतो."

त्यांना हे कुणी शिकवले नव्हते, वडिलांचे ऐकून आणि शेजारच्या गावातल्या दोन मरणांवरून ते शिकले होते. जिलेटिनच्या कांड्या उडाल्या की नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. पहिल्याला रंग आणि वास असतो, दुसऱ्याला दोन्ही नाहीत. खाणीत सुरुंगानंतर ठरावीक वेळ थांबणे, मग जबाबदार माणसाने आधी आत जाऊन हवा आणि छत तपासणे, फुटायची राहिलेली दारू शोधणे आणि त्यानंतरच बाकीच्यांना सोडणे, हे नियमाने बंधनकारक आहे. विहिरीवर चहाचा कप हाच नियम. उतरल्यावर पहिले काम पहारीने कडेचे सैल दगड पाडायचे, असे त्याने सांगितले. बोगद्यावरचे लोक याच कामाला स्केलिंग म्हणतात. छतातून पडणाऱ्या सैल दगडाने जगभरच्या भूमिगत खाणींत जितकी माणसे गेली आहेत, ती पाहिली तर पहारीचे हे काम किती मोलाचे आहे ते उमजते.

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी संध्याकाळी गावाची गर्दी असते. माझे काम होते जवळच्या हजारमाचीत. तिथे केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे. जमिनीत खोल विवरे घेऊन खडकाचा अभ्यास करणे हे तिचे काम. कराडसारख्या ऊस-बाजारपेठेच्या गावात ही संस्था असल्याचे मला मोठे नवल वाटले, आणि कराडच्याही अनेकांना ती ठाऊक नाही याचे त्याहून जास्त.

कोयना-वारणा टापूत मंत्रालयाच्या खोल खोदाईच्या प्रकल्पाने सुमारे दीड किलोमीटर खोलीपर्यंतची नऊ विवरे घेतली. त्यांतून निघालेले खडकाचे दंडगोल म्हणजे या जमिनीची उभी चिरलेली वही आहे. वरून खाली वाचत जावे. आधी काळा, घट्ट बेसाल्ट. मग पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरलेल्या पोकळ्यांचा सच्छिद्र थर. मध्येच विटेच्या रंगाचा तांबडा मातकट पट्टा. लाव्हाचा एक थर निवून, झिजून, त्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला त्याची ती खूण. असे थरामागून थर. रासाटीच्या विवरात सुमारे ९३० मीटरवर बेसाल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइटी खडक लागला. बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याच्याखालचा खडक अडीचशे कोटींहून अधिक वर्षांचा. मध्ये गाळाच्या खडकाचा थर असेल असा अनेकांचा कयास होता, पण तो निघाला नाही.

तांबडा पट्टा दिसायला सुंदर असतो, पण बोगदा खोदणाऱ्याला तो नकोसा. पाणी लागले की तो फुगतो, निसटतो आणि वरच्या घट्ट खडकाचा आधार काढून घेतो. भूमिगत कामाची जागा ठरवताना हा पट्टा छतात येणार की तळात, यावर किती बोल्ट ठोकायचे, सिमेंटचा फवारा किती जाड मारायचा हे ठरते. म्हणजे आत माणूस जाण्याआधी जमिनीत भोक जाते आणि त्या भोकातून आलेला दगड माणसाला वाट दाखवतो.

पुढे पाटणच्या रस्त्याला लागलो. डाव्या-उजव्या पठारांवर पवनचक्क्या फिरत असतात. वनकुसवड्याच्या पठारावर त्यांची रांगच आहे. खोरे अरुंद होत जाते, भातखाचरे लागतात, आणि कोयनानगर येते.

कोयना धरणाची उंची १०३ मीटर. १९६२ च्या सुमारास पाणी अडवायला सुरुवात झाली आणि लगोलग जमीन हलू लागली. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ रिश्टरचा भूकंप झाला. सुमारे २०० माणसे गेली, हजारो बेघर झाली. कोयनेची वीज तुटली आणि मुंबईचे उद्योग अडखळले. दख्खनचे पठार भक्कम, इथे भूकंप होत नाहीत, ही समजूत त्या पहाटे मोडली. डोणीचावाडा परिसरात जमिनीला पडलेल्या भेगांवरून पुढे त्या भ्रंशाला डोणीचावाड्याचेच नाव मिळाले.

या घटनेला साठ वर्षे होत आली, तरी धक्के थांबलेले नाहीत. साधारण २० किलोमीटर रुंद आणि ३० किलोमीटर लांब एवढ्याच पट्ट्यात ५ रिश्टरच्या वरचे वीसहून अधिक आणि ४ च्या वरचे दोनशेच्या आसपास भूकंप नोंदले गेले आहेत. लहान धक्क्यांची संख्या हजारोंत आहे. बहुतेकांचा उगम दहा किलोमीटरच्या आत. जलाशयामुळे चाळवणाऱ्या भूकंपांचा एवढा मोठा, एवढा सलग आणि एवढ्या लहान जागेतला दाखला जगात दुसरा नाही. म्हणून डॉ. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आग्रह धरला, की भूकंप जिथे जन्मतो तिथपर्यंत भोक पाडून पाहावे. २०११ मध्ये यासाठी आंतरराष्ट्रीय बैठक झाली आणि कोयनेच्या दक्षिणेला गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विवर २०१७ मध्ये पुरे झाले. तिथे सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट आणि खाली ग्रॅनाइटी खडक. एवढ्या खोलीवरही भेगांतून पाणी आहे आणि खडक आधीच ताणाच्या टोकाशी पोचलेला आहे, हे त्यातून दिसले. आता त्याहून खोल, सहा किलोमीटरपर्यंत जायचा विचार आहे.

भूकंपाच्या या अभ्यासाचा खाणीतल्या माणसाशी काय संबंध, असे वाचक विचारील. संबंध जवळचा आहे. खडक जमिनीखाली सतत दाबलेला असतो. त्यात पोकळी केली की पोकळीवरचा भार आजूबाजूच्या खडकावर येतो. खोल खाणीत हा भार इतका वाढतो की भिंत एखाद्या क्षणी स्फोटासारखी फुटते आणि टनावारी दगड आत फेकला जातो. कर्नाटकात कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या आणि तिथे असल्या खडकस्फोटांनी अनेक कामगारांचा बळी घेतला. २००१ मध्ये त्या बंद झाल्या, पण तिथल्या अनुभवातूनच १९८८ मध्ये राष्ट्रीय शिला यांत्रिकी संस्था उभी राहिली होती. खाणीत भूकंपमापके बसवून लहान तडतडाटांची जागा आणि जोर टिपायचे, ते कुठे गोळा होताहेत ते पाहायचे आणि तिथून माणसे हलवायची, ही पद्धत आज दक्षिण आफ्रिकेपासून पोलंडपर्यंत वापरात आहे. ज्या आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक खोदाई कार्यक्रमाचा कोयनेच्या विवराला हातभार लागला, त्याच कार्यक्रमाखाली दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतही, ऑर्कनीच्या २०१४ च्या ५.५ रिश्टरच्या भूकंपानंतर, भ्रंशाकडे विवरे घेतली गेली. कोयनेत पाण्याचा भार आणि भेगांतला दाब भ्रंशाला हलवतो, खाणीत माणसाने काढलेली जागा हलवते. खडकाचे गणित दोन्हीकडे एकच आहे. ताण किती, घर्षण किती, भेगेत पाण्याचा दाब किती.

दिवस-वेळ सांगणारे भाकीत यातून अजून कुणालाही करता आलेले नाही, आणि तसे आश्वासन कुणी दिले तर त्यावर विसंबू नये. मोजमापाचा उपयोग वेगळा आहे. कोणत्या दिशेला ताण जास्त आहे हे कळले, की भूमिगत दालनाची लांब बाजू कोणत्या दिशेला ठेवायची ते ठरवता येते. विवराचा एक तुकडा बंद करून त्यात पाण्याचा दाब वाढवत नेतात, खडक चिरतो त्या क्षणाचा दाब आणि चिरेची दिशा टिपतात. एवढ्या साध्या वाटणाऱ्या चाचणीवर पुढे पन्नास-शंभर वर्षे आत काम करणाऱ्यांचा जीव अवलंबून असतो.

हेळवाकच्या पुढे कुंभार्लीचा घाट सुरू होतो. घाटमाथ्यावर सातारा संपतो, रत्नागिरी सुरू होते. खाली दरीत पोफळी. त्या डोंगरात कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांचे वीजगृह आहे, बाहेरून न दिसणारे. पूर्वेला वाहू पाहणारे पाणी बोगद्यातून पश्चिमेकडे वळवून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडले आणि सगळी यंत्रे खडकात कोरलेल्या दालनात बसवली. चौथ्या टप्प्याचे हजार मेगावॉटचे वीजगृहही असेच भूमिगत आहे. जमिनीखालची भक्कम पोकळी भूकंपात पृष्ठभागावरच्या इमारतीपेक्षा कमी हलते. हे ऐकायला उलटे वाटते, पण लाटांचा हेलकावा मोकळ्या पृष्ठभागाशी वाढतो, हे त्याचे कारण.

घाटाखालच्या टपरीवर बोगद्याच्या कामावर उमेदीची वर्षे घालवलेले एक काका भेटले. वय सत्तरीपुढचे, एक कान कामातून गेलेला. कॉम्प्रेसर आणि ड्रिलच्या आवाजाने गेला, असे त्यांनी सहज सांगितले. तेव्हा कानाला बोळे कोण देत होते!

"आत गेल्यावर पहिलं काय बघायचं, काका?"

"छत. मग पाणी. पाणी कुठनं येतंय आणि काल येत होतं तेवढंच येतंय का. आज गढूळ आलं तर मुकाट मागं फिरायचं, मुकादम काय बोंबलंल ते बोंबलू दे."

त्यांच्या या पाण्याविषयीच्या सांगण्यात एक मोठी गोष्ट आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत पाणी भरलेल्या जुन्या पोकळीची भिंत फुटली आणि साडेतीनशेहून अधिक कामगार बुडून मेले. पाण्यात आणि माणसात किती खडक उरला आहे, याचे मोजमाप चुकले की काय होते, याचे आपल्या देशातले ते सर्वांत भयंकर उदाहरण. आणि पाण्याखालचा शेवटचा खडक जाणूनबुजून, मोजूनमापून फोडण्याचे उदाहरण इथे कोयनेच्या जलाशयाच्या, शिवसागराच्या तळाशी आहे.

धरण भरलेले, ते रिकामे करता येत नाही, पण चौथ्या टप्प्यासाठी खालून नवा बोगदा जोडायचा होता. १३ मार्च १९९९ रोजी ते झाले. आशियातला हा असा पहिला प्रयोग म्हणून गाजला. २५ एप्रिल २०१२ रोजी, जलाशयाची पातळी आणखी खाली गेली तरी पाणी घेता यावे म्हणून, तो पुन्हा केला गेला. नॉर्वेत अशी कामे शेकड्यांनी झाली आहेत आणि तिथले ज्ञान इथे कामी आले. रीत अशी. कोरड्या बाजूने बोगदा खोदत जलाशयाच्या तळाखाली यायचे. जसजसे पाणी जवळ येते तसतसे पुढे लांब बारीक भोके घेत राहायचे. भोकातून पाणी आले तर सिमेंटचा रस दाबून भेग बुजवायची, मगच पुढचा सुरुंग, तोही लहान. शेवटी पाणी आणि बोगदा यांच्यामध्ये खडकाचा एक ठोकळा राखायचा. त्याच्याखाली मोठा खड्डा करायचा, म्हणजे फुटलेला दगड त्यात साठेल आणि पाण्याबरोबर पुढे वाहणार नाही. सगळी माणसे बाहेर, यंत्रे बाहेर, दरवाजे बंद, आणि मग एकच स्फोट.

स्फोटाच्या दिवशी मंत्री येतात, छायाचित्रे छापून येतात. खरी सुरक्षितता त्याआधीच्या शेकडो कंटाळवाण्या भोकांमध्ये असते. तिच्यावर कुणी लेख लिहीत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिले.

परत कराडला येऊन उंडाळे, शेडगेवाडी, कोकरूड असा रस्ता धरला. इथून सांगली जिल्हा. वारणेचे खोरे कोयनेपेक्षा मोकळे आणि हिरवे आहे. चांदोलीचे धरण मातीचे, क्षमता ३४.४ टीएमसी. १९८५ पासून त्यात पाणी साठू लागले आणि १९९३ च्या सुमारास या बाजूलाही धक्के वाढले. कोयनेच्या पट्ट्याचे दक्षिण टोक जणू जागे झाले. गोठण्याचे विवर या दोन धरणांच्या मधल्या मुलखात आहे. जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते आणि मूळची गावे उठून गेली आहेत. वारणावतीत चहाच्या दुकानात भूकंपाचा विषय काढला, तर एक बाई भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "आता सवय झालीय. भांडी वाजली की पोरांना घेऊन अंगणात यायचं." अंगणात यायचे, हेही शिकलेलेच ज्ञान आहे.

शिराळा, पेठ नाका, आष्टा करीत सांगलीला पोचलो. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस आणि मधूनमधून हळद. सांगली ही देशातल्या हळदीच्या मोठ्या पेठांपैकी एक. इथल्या राजापुरी हळदीचा दबदबा जुना आहे आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. शहरालगत हरिपूर, तिथे संगमेश्वराचे देऊळ आणि त्याच्यापाशी कृष्णा-वारणेचा संगम. कोयनेचे पाणी कराडला कृष्णेत शिरून इथे येते, चांदोलीचे पाणी वारणेतून इथे येते. ज्या दोन जलाशयांनी खडक हलवला, त्यांचे पाणी या घाटापाशी एक होते.

हरिपूरला मी आलो होतो पेवे पाहायला. नदीकाठच्या घट्ट मातीत खणलेली ही हळदीची कोठारे. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढे, खाली पोट रुंद, खोली वीस-पंचवीस फूट. आत गवत-पाला अंथरून हळद भरायची, वर फरशी टाकून मातीने तोंड लिंपायचे. दोन-दोन वर्षे हळद तशीच राहते. कीड लागत नाही, रंग उतरत नाही. ना वीज, ना औषध, ना भाडे.

एका जुन्या व्यापाऱ्याने पेव उघडण्याची रीत सांगितली. "तोंड उघडलं की त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. हवा खेळू द्यायची. मग कंदील पेटवून दोरीनं खाली सोडायचा. विझला तर वर ओढून परत थांबायचं. जळत राहिला तरच माणूस, त्याच्याही कमरेला दोर."

मी थक्क झालो ते इथे. १८१५ मध्ये हंफ्री डेव्हीने इंग्लंडच्या कोळसा खाणींसाठी जो जाळीचा दिवा केला, त्याने खाणकामगार मिथेनबरोबरच प्राणवायूची कमतरताही ओळखत. पुढे जॉन स्कॉट हाल्डेन यांनी विषारी वायूच्या इशाऱ्यासाठी लहान प्राणी-पक्षी वापरण्याची शिफारस केली आणि ब्रिटनच्या खाणींत पिंजऱ्यातली कॅनरी १९८६ पर्यंत वापरात होती. हरिपूरच्या हमालांनी आपल्या परीने तोच प्रश्न कंदिलाने सोडवला.

पेव ज्या कारणाने हळद टिकवते, त्याच कारणाने माणूस मारते. बंद पोटात माल, बुरशी, किडे, गवत मिळून प्राणवायू संपवत नेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो हवेच्या दीडपट जड, त्यामुळे तळाशी साचतो. कीड गुदमरते म्हणून हळद राहते. साध्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. कोळसा खाणीच्या हवेत तो १९ टक्क्यांच्या खाली जाऊ देता येत नाही. ज्योत साधारण १६-१७ टक्क्यांवर विझते. दहाच्या खाली माणसाची शुद्ध जाते, तीही आरडाओरड करायला सवड न देता. म्हणून कंदील काही अंतर आधीच सावध करतो.

पण कंदिलाची परीक्षा अपुरी आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतण्याइतका असला तरी ज्योत नीट जळत राहते. हायड्रोजन सल्फाइडचेही तेच. आणि शेणाच्या वायूची टाकी, मैल्याची टाकी, मळीचा हौद यांत मिथेन असू शकतो. तिथे उघडी ज्योत सोडणे म्हणजे स्फोटाला बोलावणे. हळदीच्या पेवासाठी जन्मलेली रीत दुसऱ्या खड्ड्याला लावता येत नाही. विहिरीतल्या कट्ट्यावर डिझेल इंजिन चालवून पाणी उपसतात, तेव्हा त्याचा धूर खालीच कोंडतो. तिथे कंदील जळत राहील आणि माणूस जाईल.

हरिपूरची बहुतेक पेवे २००५ च्या महापुरात गेली. पाणी आत शिरले, हळद कुजली, माती ढासळली. २०१९ च्या पुराने उरल्यासुरल्यांचा धीर सुटला. माल आता गोदामात आणि शीतगृहात जातो. पेव खणणारे हात आणि त्याबरोबर उतरण्याची शिस्तही संपत चालली आहे. याची मला काळजी वाटते, कारण बंद खड्डे संपलेले नाहीत, उलट वाढले आहेत. साखर कारखान्यांच्या टाक्या, सांडपाण्याचे हौद, गोबरगॅस, शहरांची गटारे, शेकडो खोल विहिरी. त्यांत उतरणारा माणूस बहुधा रोजंदारीवरचा असतो. खाण कायदा १९५२ चा, तो २०२५ पर्यंत खाणीला आणि दगडाच्या क्वारीला लागू होता. मैल्यात माणूस उतरवण्याला बंदी घालणारा कायदा २०१३ चा. शेतातली विहीर आणि बाजारातले पेव या दोन्ही कायद्यांच्या बाहेर राहिली.

अशा खड्ड्यांत एकामागून एक दोघे-तिघे मरतात, तेव्हा पहिला बहुधा वायूने जातो आणि पुढचे त्याला काढायला घाईने उडी घेतात म्हणून जातात. खाणीच्या बचाव पथकाला पहिली शिकवण हीच असते की श्वासयंत्राशिवाय आत पाऊल टाकायचे नाही, आत भाऊ असला तरी.

प्राणवायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वलनशील वायू, चारही मोजणारे यंत्र आज मुठीत मावते आणि खाणींत ते रोज वापरले जाते. सातारा-सांगलीच्या प्रत्येक तालुक्याच्या गावी, बाजार समितीत आणि साखर कारखान्यात असे यंत्र, एक हवा फेकणारा पंखा, तिकाटणे आणि कमरेचा पट्टा ठेवला गेला पाहिजे, आणि विहीर खोदणाऱ्या टोळीला ते मागितल्याबरोबर मिळाले पाहिजे. तोपर्यंत, वाचकहो, तुमच्या रानात, कारखान्यात किंवा वाड्यात कुणी बंद खड्ड्यात उतरत असेल तर त्याला थांबवा. झाकण उघडून पुरेसा वेळ हवा खेळवा, कमरेला दोर बांधा, वर दोन माणसे उभी करा. आणि आत कुणी पडलेच, तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. दोर असेल तर वर ओढा, हवा आत सोडा आणि अग्निशमन दलाला बोलवा.